सन सिटी (दक्षिण आफ्रिका): सासू-सासऱ्यांना घेऊन जावं का? कॅसिनो सोडून काय आहे तिथे?

भरली_वांगी
नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

माझा दीर जोहान्सबर्गला असतो. या जुलैत आम्ही पाच जण त्याच्याकडे जातोय, मी, नवरा, लेक (वय ९) आणि सासू-सासरे. दीर म्हणतो दोन रात्री सन सिटी रिसॉर्टला काढू, इथे येऊन ते बघितलं नाही असं कोणी करत नाही. आता गंमत अशी की सासूबाईंना कोणीतरी सांगितलं की ते जुगाराचं गाव आहे, आणि नेमकी त्याच दोन दिवसांत आषाढी एकादशी येतेय. "एकादशीला जुगाराच्या अड्ड्यावर नेतोस का रे आईला" म्हणून दिराला फोनवर झापून झालंय. सासरे गप्प आहेत पण त्यांचे डोळे चमकलेत, कारण माणूस पत्त्यातला, मेंढीकोट खेळायला बसले की जेवण विसरतात.

कोणी गेलंय का? शाकाहारी माणसाचं काय होतं तिथे, जुलैत थंडी कितपत असते, आणि मुख्य म्हणजे कॅसिनो सोडून तिथे दोन दिवस करायचं काय? एका टूर कंपनीने नुसत्या सन सिटीच्या एका दिवसाचे जे पैसे सांगितले ते ऐकून नवऱ्याने फोनच ठेवला, म्हणून दिराच्या गाडीनेच जाणार.

चहाबाज
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. सासूबाईंच्या बाजूने +१.

जोबर्गकर
वांगीताई, अगदी जा. मी इथे अकरा वर्षं आहे आणि भारतातून आलेल्या किती पाहुण्यांना सन सिटीला सोडून आणलंय त्याचा हिशोब ठेवणं सोडलंय आता. तरी सांगतो, कॅसिनो हा तिथला सगळ्यात कंटाळवाणा भाग.

जोबर्गहून (म्हणजे जोहान्सबर्गहून) दोन तास धरा, एन-फोर महामार्गाने रुस्टेनबर्गच्या बाजूला. रस्ता उत्तम, टोल भरपूर, गाडी आपल्यासारखीच डावीकडून. वाटेत रुस्टेनबर्गच्या आसपास प्लॅटिनमच्या खाणी दिसतील, मातीचे ढिगारे डोंगराएवढे. इथे सिग्नलला 'रोबो' म्हणतात, पत्ता विचारलात आणि समोरच्याने "दुसऱ्या रोबोला डावीकडे" सांगितलं तर दचकू नका.

एक रँड म्हणजे साधारण पाच रुपये धरा. प्लग आपल्या गिझर-एसीचा असतो तसा जाड तीन पिनांचा असतो, त्यामुळे विमानतळावर महागडा अडॅप्टर घेत बसू नका, येताना घरातला एखादा जाड प्लगवाला एक्स्टेन्शन बोर्ड आणा, सगळ्यांचे फोन चार्ज होतात. विमान नैरोबी किंवा अदिस अबाबावरून असेल आणि मधला मुक्काम १२ तासांच्या वर असेल तर पिवळ्या तापाच्या लशीचा कागद मागतात, त्या एका कागदापायी लोक अडकलेले बघितलेत, तेव्हा तिकीट काढतानाच बघा.

जुलै म्हणजे इथला ऐन हिवाळा. दुपारी ऊन छान असतं, पण पहाटे हाडं गोठतात. जंगलात उघड्या गाडीतून जायचं असतं, कानटोपी हवीच. सासऱ्यांची माकडटोपी असेल तर आणा, इथे कोणी हसत नाही.

आणि हो, सन सिटीच्या कुंपणाला लागूनच पिलानेसबर्गचं अभयारण्य आहे. साडेपाचशे चौरस किलोमीटर, एका विझलेल्या ज्वालामुखीच्या खळग्यात, सिंह-हत्ती-गेंडा-बिबट्या-रानरेडा सगळं आहे आणि मलेरिया नाही. म्हाताऱ्या माणसांना क्रुगरच्या मोठ्या जंगलापर्यंत दामटवण्यापेक्षा हे बरं. एक रात्र जरी राहिलात तरी पहाटेची फेरी चुकवू नका.

केतकी_के
शाकाहाराचं मी सांगते, आम्ही गेलो होतो दोन वर्षांपूर्वी. उपाशी नाही राहत. बुफेत सॅलड, भाज्या, बटाट्याचे चार प्रकार असतात. आणि तिथलं एक 'पाप' नावाचं प्रकरण खाऊन बघा, मक्याच्या पांढऱ्या पिठाचं घट्ट शिजवलेलं, आपल्या उकडीची थोरली बहीण. त्यावर चकालाका घेतात, म्हणजे कांदा-टोमॅटो-गाजर-बीन्सचं तिखट कालवण. माझ्या आईने पूर्ण ट्रिपभर "आज मी पाप केलं नाही, पण खाल्लं" हा एकच विनोद केला.

एकादशीला मात्र घरून न्या काय ते.

मांडवीकाठ
मी पणजीचा. रोज संध्याकाळी घराच्या गच्चीवरनं ती दिव्यांची जहाजं बघतो म्हणून चार शब्द.

गोव्याचा कॅसिनो डोक्यात ठेवून सन सिटीला जाऊ नका. इथे तुम्ही जेटीवर पैसे भरता, छोटी होडी तुम्हाला जहाजावर नेते, मग पॅकेजमध्ये जेवण, दारू, नाचगाणं. जहाजातून मधेच उठून फिरायला जाणार कुठे, चारी बाजूंनी पाणी! सन सिटीत कॅसिनो एका मोठ्या इमारतीतला एक हॉल आहे, बाहेर आलात की तळं, पोहायचे तलाव, गोल्फ, मुलांचा कल्ला. सासूबाईंना त्या दाराकडे बघावंसुद्धा लागणार नाही.

अवांतर: महाराष्ट्राने १९७६ सालीच कॅसिनोचा कायदा करून ठेवला होता, तो कधी लागूच केला नाही आणि २०२३ला रद्द करून टाकला. म्हणजे पुण्या-मुंबईवाल्यांची हौस भागवायला आमची मांडवी. आणि २०२०ला आमच्या सरकारने गोंयकारांनाच कॅसिनोत जायला बंदी केली. नदी आमची, खेळणार तुम्ही.

शून्यलब्धी
सासरेबुवांसाठी थोडं गणित, ते पत्त्यातले आहेत म्हणून त्यांना पटेल.

तिकडच्या रुलेटच्या चाकावर १ ते ३६ आणि एक शून्य, म्हणजे ३७ खाचा. एका आकड्यावर लावलंत आणि आला तर ३५ पट मिळतात आणि लावलेले परत, म्हणजे हातात ३६ पट. ३७ शक्यता आणि ३६ पट, मधल्या फटीतून कॅसिनोचा संसार चालतो. टक्केवारीत २.७. ज्या चाकावर दोन शून्यं असतील तिथे हेच ५.२६ होतं, त्याच्या वाऱ्यालाही उभं राहू नका.

आता ५० रँडचा एकेक डाव, तासाला ४० डाव धरले तर उलाढाल २००० रँडची आणि सरासरी तोटा ५४ रँड. म्हणजे पावणेतीनशे रुपये तास. मल्टिप्लेक्सपेक्षा स्वस्त, फक्त उठता आलं पाहिजे. "लाल-काळ्यावर लावायचं आणि हरलो की दुप्पट" असं शहाणपण कोणी शिकवलं तर: ५०, १००, २००, ४००, ८००, १६००, ३२००, सात वेळा ओळीने हरलात की ६३५० रँड गेले, आणि तसं शंभरात एखाद्या वेळी होतंच. टेबलाशेजारी मागचे आकडे दाखवणारा बोर्ड असतो, लोक तो वहीत उतरवून घेतात. चाकाला स्मरणशक्ती नसते हो. स्लॉट मशीनचं तर बोलूच नका, तिथे तुम्हाला टक्का दिसतसुद्धा नाही.

चहाबाज
शून्यलब्धी, तुम्ही कधी कुठल्या ट्रिपला गेलात तर मागे कोण येतं हो?

शून्यलब्धी
बायको. तीच जिंकते.

जुनाजाणता
बरेच दिवसांनी लॉगिन करतोय, हा धागा बघून राहवलं नाही.

माझा पहिला पासपोर्ट निघाला तेव्हा त्यात छापलेलं होतं की हा दक्षिण आफ्रिकेच्या प्रवासासाठी चालणार नाही. वर्णभेदाच्या विरोधात भारताने १९४६ सालीच त्यांच्याशी व्यापार तोडला होता. १९७४ला आपण टेनिसच्या डेव्हिस कपच्या फायनलला पोचलो, समोर दक्षिण आफ्रिका, आपण खेळलोच नाही, कप त्यांना गेला. आम्ही तेव्हा चाळीच्या जिन्यात बसून वाद घातलेले आठवतात, निम्मे म्हणत होते खेळायला हवं होतं.

तर त्या काळात दक्षिण आफ्रिकेत जुगार बेकायदा. मग सोल कर्झनर नावाच्या हॉटेलवाल्याने युक्ती काढली. गोऱ्या सरकारने काळ्या लोकांना 'तुमचे वेगळे देश' म्हणून जे तुकडे तोडून दिले होते त्यातला एक बोफुथात्स्वाना, १९७७ला 'स्वतंत्र' केलेला. जगात कोणी त्याला देश मानलं नाही, मानणारं फक्त प्रिटोरियातलं ते गोरं सरकार आणि त्याने असेच तोडलेले इतर तुकडे. एकमेकांपासून तुटलेल्या तुकड्यांचा देश, पण कायदा वेगळा, त्यामुळे जुगार चालेल. तिथे १९७९च्या डिसेंबरात सन सिटी उघडलं. जोबर्गचे गोरे शनिवारी गाडी काढून या 'परदेशात' यायचे, देवळातल्यासारखे पैसे वाहायचे आणि रविवारी घरी.

मांडवीकाठ, तुमची अवांतर गोष्ट मला म्हणूनच फार अवांतर वाटली नाही. आपल्या दारात नको, शेजाऱ्याच्या दारात चालेल.

मोठमोठे गायक तिथे बोलावले, रग्गड पैसे देऊन. फ्रँक सिनात्रा १९८१ला गेला, क्वीन हा बँड १९८४ला, त्यांच्यावर जगभर टीका झाली. १९८५ला स्टीव्हन व्हॅन झँटने कलाकार जमवून 'आम्ही तिथे गाणार नाही' म्हणून गाणंच काढलं. तुम्ही जाऊ नका असं नाही म्हणत, पण कसल्या जमिनीवर उभं आहे ते ठाऊक असावं.

धोपटमार्गी
काका, माहिती भारी पण आता काय त्याचं? तीस वर्षं झाली. पोरगी नऊ वर्षांची आहे, तिला लाटांच्या तलावात डुंबायचंय. प्रत्येक धाग्यात इतिहास कशाला घुसवायचा.

जुनाजाणता
डुंबू द्या की, मी कुठे बुच काढतोय तलावाचं. आणि घुसवायचाच म्हटला तर गोड इतिहासपण आहे. १९९३ला आपले त्यांच्याशी संबंध पुन्हा सुरू झाले, १९९४च्या एप्रिलमध्ये पहिली सगळ्यांची निवडणूक झाली आणि बोफुथात्स्वाना परत दक्षिण आफ्रिकेत आलं. आणि त्याच नोव्हेंबरात ऐश्वर्या राय मिस वर्ल्ड झाली, ती कुठे? सन सिटीत! ज्या गावाला आपला पासपोर्ट चालत नव्हता तिथे वर्षभरात आपल्या मुलीच्या डोक्यावर मुकुट. तो कार्यक्रम आम्ही शेजाऱ्यांच्या टीव्हीवर बघितला, एका माणसालाही ते गाव कुठलं हे विचारावंसं वाटलं नाही, मलासुद्धा नाही.

केतकी_के
जुनाजाणता काका, हे माहितीच नव्हतं! आम्ही तिथे नुसते सेल्फी काढून आलो.

जोबर्गकर
काकांच्या पुढचं थोडं. १९९६ला इथे कायदा बदलला, देशभर मिळून ४० कॅसिनो परवाने द्यायचं ठरलं, आणि मग जोबर्गमध्येच कॅसिनो उभे राहिले, एक तर विमानतळाच्या शेजारी. आता जुगारासाठी दोन तास गाडी हाणत सन सिटीला कोण जाणार? म्हणून ते आता कुटुंबांचं ठिकाण झालंय. शनिवारी बघा, सोवेटोतली (जोबर्गची काळ्या लोकांची मोठी वस्ती), रुस्टेनबर्गची कुटुंबं आइसबॉक्स घेऊन आलेली असतात, आज्या छत्रीखाली.

आणि पिलानेसबर्गचे हत्ती. हे मुलीला नक्की सांगा. तिथलं जंगल जन्मजात नाही. १९७९पासून तिथली शेतं, वस्त्या हलवून, तिथल्या बाकगातला जमातीच्या जमिनी घेऊन, सहा हजारांच्या आसपास जनावरं बाहेरून आणून सोडली. हत्ती आणले ते क्रुगरमधली पोरकी पिल्लं, मोठा नर हत्ती एकही नाही. ती पोरं वयात आली आणि नव्वदच्या दशकात गेंडे मारायला लागली. चाळीसच्या वर गेंडे गेले, आधी कोणाला कळेना कोण मारतंय. शेवटी १९९८ला क्रुगरमधून सहा थोराड नर आणून सोडले, आणि पोरांची मस्ती उतरली, गेंडे मारणं थांबलं.

चहाबाज
हे मी आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, माझ्या वडिलांनी ताबडतोब अंगठा दिला आणि खाली लिहिलं "बघ".

भरली_वांगी
बापरे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. जोबर्गकर दादांचा हत्तींचा प्रतिसाद सासऱ्यांना वाचून दाखवला, ते म्हणाले तिकीट काढा. सासूबाईंची अट एकच, एकादशीला कॅसिनोच्या इमारतीत पाऊल टाकणार नाही. आल्यावर वृत्तांत टाकते.

धोपटमार्गी
सगळे असंच म्हणतात. धागा वर काढत राहीन.

धोपटमार्गी
वर काढतोय. वांगीताई, ऑगस्ट लागला.

भरली_वांगी
आले आले! लेकीची शाळा सुरू झाली, मग हिला ताप, मग मला. आता सविस्तर लिहिते, मोठं होईल.

आम्ही कबानाजमध्ये राहिलो, तळ्याकाठी बैठ्या खोल्या, मुलांना बरं पडतं. पहिल्याच दिवशी म्हणजे एकादशीलाच कांड झालं. सासूबाईंनी नागपुरी डब्यात राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याचा कूट असा सगळा फराळ बांधून आणलेला, स्तोत्र म्हणून झालं, बाहेरच्या ओट्यावर डबा उघडून ठेवला आणि पाणी आणायला आत वळल्या. तेवढ्यात एक छोटं काळ्या तोंडाचं माकड आलं, घाई नाही गडबड नाही, एक लाडू उचलला, हुंगला, डाव्या हातात धरला आणि उजव्या हाताने दुसरा घेतला. खोलीत पाटी लावलेली होती हो, खिडक्या-दारं बंद ठेवा म्हणून, आम्हीच वाचली नाही. मला वाटलं आता सासूबाई चिडणार. त्या बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "घे बाबा, तुझीपण आषाढी." नंतर दोन दिवस ओट्यावर कोणी बसलं की लेक पहारा द्यायची.

लाटांचा तलाव झाला. आधी घुमल्यासारखा आवाज येतो आणि मग पुरुषभर लाट. पाणी इतकं गार की नवरा गुडघ्यापर्यंत जाऊन परत आला, लेक तासभर निळी पडेस्तोवर आत. मधे वाळूचा किनारा, मागे सिमेंटचे खडक, खोटं जंगल, वर पॅलेस नावाचं १९९२चं हॉटेल, हत्तींचे पुतळे. म्हणे उत्तरेकडून आलेल्या लोकांची प्राचीन नगरी होती, भूकंपात गाडली गेली आणि आता सापडली. सगळी रचलेली गोष्ट, आणि कोणी लपवतही नाही. मला उलट ते आवडलं, आपल्याकडे रिसॉर्टवाले पेशवेकालीन म्हणून कालचं लाकूड दाखवतात.

त्या खोट्या नगरीत जायला एक पूल आहे, दोन्ही बाजूला दगडी हत्ती, आणि ठराविक वेळाने तो पूल हादरतो. गडगडाट, धूर, पायाखाली थरथर. पोरं किंचाळतात. आम्ही सगळे हसत होतो आणि बघितलं तर सासऱ्यांनी कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरलेला, चेहरा पांढरा. सासरे पाटणचे. १९६७च्या डिसेंबरात कोयनेचा भूकंप झाला तेव्हा चौदा वर्षांचे होते, पहाटे अंधारात घराची भिंत बाहेरच्या बाजूला पडली म्हणून वाचले. हे आम्हाला माहीत होतं पण असं माहीत नव्हतं. पूल थांबल्यावर म्हणाले, "आवाज अगदी नाही जमला. तो आधी जमिनीतनं येतो." आणि मग लेकीला घेऊन परत पुलावर जाऊन उभे राहिले, पुढचा हादरा यायची वाट बघत. दोनदा बघितला.

पिलानेसबर्गची पहाट. जोबर्गकर दादा, माकडटोपीबद्दल तुम्हाला शंभर नमस्कार. उघडा ट्रक, प्रत्येकाला ब्लँकेट, तरी नाकातलं पाणी थांबेना. दोन तासांत झेब्रे, रानरेडे, लांबवर सिंहिणी, आणि मग अगदी रस्त्याला खेटून गेंडा, पण त्याला शिंगच नाही. नाकावर कापल्याची सपाट खूण, झाडाची फांदी छाटल्यावर राहते तशी. गाईडने सांगितलं, चोरशिकार होऊ नये म्हणून आम्हीच कापतो, नखासारखं असतं, परत वाढतं. आणि फोटो टाकलात तर कुठे दिसला ते लिहू नका म्हणाला, म्हणून मी इथेही लिहीत नाही. लेक परत येताना गप्प होती. हत्ती एकच दिसला, मोठा, एकटा. सासरे म्हणाले हा त्या सहातला असणार. गाईड हसला, हो म्हणाला नाही आणि नाही म्हणाला नाही.

आता कॅसिनो. द्वादशीला पारणं झाल्यावर सासरे आणि दीर आत गेले. सासऱ्यांनी शून्यलब्धींचा प्रतिसाद कागदावर उतरवून खिशात ठेवला होता, खोटं सांगत नाही. ३०० रँड ठरवून गेले, रुलेटवर बसले, पाऊण तासाने १६० घेऊन उठले आणि म्हणाले गणित बरोबर आहे पण माझं नशीब सरासरीपेक्षा वाईट आहे. मेंढीकोटची मजा नाही म्हणे, भिडू नाही ना समोर, भांडायचं कोणाशी.

आणि मग सासूबाई म्हणाल्या, आज एकादशी नाही, मला दाखव तरी काय असतं. लेकीला नवऱ्याकडे ठेवलं (अठराच्या खालच्यांना आत सोडत नाहीत) आणि आम्ही दोघी गेलो. आत घड्याळ दिसेना, खिडकी दिसेना, नुसता टिंगटिंग आवाज. नऊवारी नाही पण टोपपदरी पातळ, कपाळावर बुक्का, अशा त्या एका मशीनपुढच्या उंच स्टुलावर बसल्या. शंभरची नोट आत घातली. चारदा बटण दाबलं, काही नाही, पाचव्यांदा काहीतरी जुळलं आणि मशीन नाचायला लागलं. शेजारच्या मशीनवर त्यांच्याच वयाची एक काळी बाई होती, डोक्याला छान फडकं बांधलेली, तिने टाळ्या वाजवल्या आणि "गोगो, गोगो" करून काहीतरी बोलली. गोगो म्हणजे आजी हे दिराने नंतर सांगितलं. सासूबाईंनी तिला मराठीत सांगितलं, "अगं पुरे आता, लोभ नको." आणि उठल्या.

मशीनमधून पैसे नाही येत, एसटीच्या तिकिटासारखी चिठ्ठी येते, ती काउंटरवर दाखवायची. ११२ रँड. बारा रँड फायदा! मी म्हटलं चला घेऊ पैसे, तर म्हणाल्या, जुगाराचा पैसा घरात नको, पण चिठ्ठी राहू दे. ती आता त्यांच्या हरिपाठात खूण म्हणून आहे.

शून्यलब्धी
सासऱ्यांना साष्टांग. पण सासूबाईंचा हिशोब चुकलाय, बारा रँड फायदा नाही, शंभरचं नुकसान आहे.

जोबर्गकर
वांगीताई, त्या चिठ्ठीवर मुदत छापलेली असते, एकदा बघा. दिराकडे पाठवून द्या, मी पुढच्या महिन्यात पाहुणे घेऊन जातोच आहे, वटवून आणतो.

भरली_वांगी
दादा, विचारलं. म्हणाल्या, त्या टाळ्या वाजवणाऱ्या बाईला शोधून देणार असशील तर पाठवते.